पेटी घरात, किल्ली परक्या हाती

व्यापाऱ्याच्या घरात कुलूप-किल्लीचे महत्त्व कोणास शिकवावे लागत नाही. दुकानाची किल्ली कोणाकडे, तिजोरीची कोणाकडे, गोदामाची दुसरी किल्ली कोठे ठेवली आहे, हे घरातील जबाबदार माणसांना तोंडपाठ असते. असे असता त्याच घराच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली एक लहानशी काळी पेटी वर्षानुवर्षे बसलेली असते. तिला चोवीस तास वीज पुरविली जाते, दरमहा तिचे पैसे भरले जातात. परंतु तिची किल्ली नेमकी कोणाकडे आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या सेट-टॉप बॉक्सविषयी, आणि त्यात किंवा त्याच्या आधीच्या व्हीसीआरमध्ये आपण जे साठवून ठेवले त्याविषयी, चार उपयोगी गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. सेवाकाळात काही वर्षे लॉकरचे काम पाहिले असल्यामुळे विषयाकडे पाहण्याची दृष्टीही तीच असणार, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या पिढीने हा प्रवास डोळ्यांदेखत पाहिला. १९८२ साली, दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या त्या वर्षी, आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्याच सुमारास आखातातून अथवा सिंगापूरहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून व्हीसीआर, घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली, पोहोचले. ज्याच्याकडे स्वतःचा नसे तो एका रात्रीपुरता टीव्ही, व्हीसीआर आणि तीन चित्रपटांच्या कॅसेट भाड्याने आणी, आणि वाड्याच्या चौकात सारी आळी पहाटेपर्यंत जागत असे. पण व्हीसीआरचा खरा गुण भाड्याच्या चित्रपटांत नव्हता. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले. नेमका त्याच वेळी दुकानात माल उतरत असेल, तर घरच्यांनी तो भाग कॅसेटवर घ्यावा आणि मालकाने रात्री दुकान वाढवून आल्यावर निवांत पाहावा, ही सोय त्या यंत्रात होती. वेळ दूरदर्शनची नव्हे, आपली.

ही सोय वैध की अवैध यावर अमेरिकेत मोठा खटला चालला होता. सोनी कंपनीच्या बेटामॅक्स या यंत्राविरुद्ध युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने दावा लावला. अखेरीस १९८४ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरच्या घरी कार्यक्रम मुद्रित करून ठेवणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. एका न्यायमूर्तींचे मत फिरले असते, तर घरगुती मुद्रणाचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यातही खासगी वापराला मुभा आहे. मात्र तेच मुद्रण मंडळाच्या सभागृहात शंभर माणसांना दाखविणे ही वेगळी बाब होते, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

त्या जुन्या कॅसेटला कुलूप नव्हते, हे येथे मुद्दाम सांगावयाचे आहे. आपल्या व्हीसीआरवर घेतलेली कॅसेट मावशींच्या घरच्या व्हीसीआरवर चालत असे. यंत्र बिघडले, विकले, बदलले, तरी कॅसेट आपलीच राहत असे.

पुढे १९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि गच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबू लागल्या. त्या तारेतून सर्व वाहिन्या उघड्याच येत. तार जोडली की सारे दिसे; कोणी काय पाहिले याचा हिशेब नसे, आणि एका तारेवर किती घरे आहेत याचाही विश्वासार्ह आकडा नसे. वाहिन्यांची कायमची तक्रार असे की, केबलवाल्यांच्या वहीतली घरे थोडी आणि तारेवरची पुष्कळ. हिशेबाच्या या अंधारातूनच डिजिटल पेटीची सक्ती जन्माला आली. केबलविषयक कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. दिल्ली, मुंबई व कोलकाता यांना ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत मिळाली. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर आदी ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ही. आणि अखेरच्या टप्प्यात खेडोपाड्यांपर्यंतच्या उर्वरित भागाला ३१ मार्च २०१७ ही. प्रत्यक्ष अंमल कोठे लवकर, कोठे उशिरा झाला, पण तार थेट टीव्हीला जोडण्याचे दिवस संपले.

आता या पेटीचे अंतरंग थोडे पाहू. केबलमधून अथवा छतावरच्या डिशमधून येणारा संदेश आकड्यांत रूपांतरित केलेला, दाबून लहान केलेला आणि कुलूपबंद असतो. दाबून लहान केल्यामुळे पूर्वी जेथे एक वाहिनी मावत असे तेथे आता दहा किंवा अधिक वाहिन्या मावतात. आणि कुलूपबंद असल्यामुळे, ज्या पेटीला परवानगी आहे तिलाच चित्र उलगडता येते. प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक असतो. कंपनीच्या केंद्रातून त्या क्रमांकाच्या नावे, जणू नोंदणीकृत टपालाने यावा तसा, परवाना त्याच तारेतून येतो. कुलूप उघडणारा संकेत दर काही सेकंदांनी बदलत असतो. म्हणून गावाला महिना-दीड महिना जाऊन आल्यावर पेटी सुरू केली की, पैसे भरलेले असूनही वाहिन्या दिसत नाहीत, असा अनुभव अनेकांना येतो. परवान्याचे टपाल येऊन गेले तेव्हा पेटी बंद होती, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी पेटी चालू ठेवून केबलवाल्यास परवाना पुन्हा पाठविण्यास सांगावे. बहुधा काही मिनिटांत चित्र येते. तंत्रज्ञ बोलावून भेटशुल्क देण्याची घाई करू नये.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेची, एक ग्राहकाची. एकट्या बँकेला तो उघडता येत नाही आणि एकट्या ग्राहकालाही नाही; ठेव सुरक्षित राहते ती या व्यवस्थेमुळे. सेट-टॉप बॉक्समध्ये दोन्ही किल्ल्या कंपनीच्या असतात. रोजच्या मालिका आणि बातम्या पाहण्यापुरते पाहिले तर यात तक्रार करण्यासारखे काही नाही. सेवा घेतली, पैसे दिले, व्यवहार मिटला. प्रश्न उद्भवतो तो आपण त्या पेटीत काही ठेवू लागलो की.

२००८ साली टाटा स्कायने ‘प्लस’ नावाची पेटी आणली. तिच्यात संगणकासारखी हार्ड डिस्क होती. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून फोन घ्यावा आणि मग तेथूनच पुढे पाहावा, ही गंमत प्रथम तीत दिसली. इतर कंपन्यांनीही तशा पेट्या काढल्या. नंतर स्वस्त पेट्यांनाही मागे किंवा पुढे पेनड्राइव्ह लावण्याची खाच आली आणि मुद्रण सर्वांच्या आवाक्यात आले. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची लगबग, त्यानंतर प्रतिक्रमण, मग पुरुष मंडळी रात्री उशिरा घरी येणार, अशा आपल्या घरांच्या दिनक्रमात ही सोय फार उपयोगी पडते. ती वापरूच नये असे मुळीच सांगावयाचे नाही. परंतु कॅसेट आणि हे नवे मुद्रण दिसायला सारखे असले तरी जातीने वेगळे आहे. पेटीने पेनड्राइव्हवर लिहिलेला कार्यक्रम कुलूपबंदच असतो आणि सामान्यतः तो त्याच पेटीत उघडतो. संगणकाला लावा, दुसऱ्या टीव्हीला लावा, शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या पेटीला लावा, तो उघडत नाही. अनेक पेट्यांत वर्गणी थांबली की जुने मुद्रणही दिसेनासे होते.

याची झळ काय असते ते सोलापूर जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापारी कुटुंबात पाहिले. घरातील आजींनी वर्षीतप केले होते. अक्षय तृतीयेला इक्षुरसाने पारणे झाले. स्थानिक केबल वाहिनीने सोहळा अर्धा तास दाखविला. त्यात आजी दोन-तीन मिनिटे बोलल्या होत्या. काय बोलल्या हे घरातल्या प्रत्येकाला थोडे थोडे आठवते, आणि प्रत्येकाला निराळे आठवते. नातवाने कौतुकाने तो अर्धा तास पेटीतून पेनड्राइव्हवर घेतला, पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटविली आणि देवघराशेजारच्या कपाटात ठेवला. पुढे अधिक सुस्पष्ट चित्राची योजना आली म्हणून जुनी पेटी परत करून नवी घेण्यात आली. त्यानंतर काही महिन्यांनी आजी गेल्या. बाराव्या दिवसानंतर नातेवाइकांना दाखवावे म्हणून पेनड्राइव्ह बाहेर काढला. नव्या पेटीने तो ओळखला नाही. संगणकावर फाइल दिसत होती, आकारही योग्य होता, पण उघडत नव्हती. केबलवाल्याकडे जमा केलेली जुनी पेटी कोणाच्या घरी गेली याचा पत्ता लागला नाही. लागता तरी तिच्यातून ती उघडली असती याची शाश्वती नव्हती. वाहिनीच्या चित्रकाराने ते कार्ड केव्हाच दुसऱ्या कामासाठी वापरले होते. आजींच्या आवाजाची दुसरी नोंद त्या घरात नाही.

येथे कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पेटीने तिला सांगितलेले काम केले. पण ज्या दिवशी सोहळा दाखविला गेला, त्याच आठवड्यात वाहिनीच्या चित्रकाराकडून मूळ चित्रणाची साधी प्रत मागून घेतली असती तर ती विनासायास मिळाली असती. आपल्या घरचा प्रसंग वाहिनीवर आला, तर पेटीतून मुद्रण करण्यावर विसंबू नये. मूळ चित्रण मागावे, आणि दिलेली प्रत त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या यंत्रावर चालवून पाहावी. पासबुकात नोंद झाल्याबरोबर शिल्लक ताडून पाहण्याची सवय असलेल्या मंडळींना हे जड जाऊ नये.

रोजच्या कार्यक्रमांचे मुद्रण करणाऱ्यांसाठी काही बारीक गोष्टी. पेनड्राइव्ह प्रथमच पेटीला लावला की पुष्कळ पेट्या तो आपल्या पद्धतीने कोरा करून घेतात. दुकानाच्या हिशेबाचा अथवा लग्नाच्या छायाचित्रांचा पेनड्राइव्ह चुकूनही तेथे लावू नये. या कामासाठी स्वतंत्र ठेवावा. जागेचा अंदाज सोपा आहे. साध्या चित्राची वाहिनी सेकंदाला दोन मेगाबिट धरली तर तासाला सुमारे ०.९ जीबी लागते. उच्च दर्जाची वाहिनी आठ मेगाबिट धरली तर तासाला ३.६ जीबी. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर पहिल्या प्रकारचे तीस-पस्तीस तास मावतील आणि दुसऱ्या प्रकारचे नऊ तासही मावणार नाहीत. वेळ लावताना सुरुवातीस पाच मिनिटे आणि शेवटी दहा मिनिटे जास्त द्यावीत, कारण वाहिन्यांचे घड्याळ आपल्या घड्याळाशी क्वचितच जुळते. एक वाहिनी मुद्रित होत असताना दुसरी पाहता येते की नाही, हे पेटीत संदेश पकडणारी यंत्रणा एक आहे की दोन यावर अवलंबून असते. पेटी घेतानाच विचारावे, नंतर सासू-सुनेत वाद नको. मुद्रण चालू असताना मुख्य बटण बंद करू नये, आणि भारनियमन असलेल्या गावी पेटीची जोडणी इन्व्हर्टरवर घ्यावी.

एक विनंती विशेषतः भगिनींना. पेटीवर क्रोशाचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवण्याची प्रथा मोडावी. पेटीची उष्णता वरच्या आणि बाजूच्या जाळीतून बाहेर पडते. आत हार्ड डिस्क असेल तर ती उष्णतेने लवकर जाते आणि मुद्रणही तिच्याबरोबर जाते. रुमाल कितीही सुबक असला तरी.

विजेचा मुद्दा याला लागूनच आहे. रिमोटने टीव्ही बंद केला की पेटीही बंद झाली असा समज सार्वत्रिक आहे. ती चालूच असते. बारा वॅटची पेटी दिवसाचे चोवीस तास चालली तर तीस दिवसांत साडेआठ युनिटांहून थोडे अधिक होते. दोन खोल्यांत दोन पेट्या असतील तर त्याच्या दुप्पट. मुद्रणाची वेळ लावलेली नसेल त्या रात्री मुख्य बटण बंद करण्यास हरकत नाही. सकाळी वाहिन्यांची यादी भरून यायला दोन मिनिटे लागतात, तेवढाच तोटा.

मासिक देयकाबाबत थोडक्यातच लिहितो, कारण त्याचे नियम वरचेवर बदलतात. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या दररचनेत जोडणीचे शुल्क वेगळे आणि वाहिन्यांची किंमत वेगळी झाली. शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचे शुल्क कमाल १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. २०२० च्या मार्चपासून तेवढ्याच रकमेत दोनशे वाहिन्या आणि घरातील दुसऱ्या टीव्हीसाठी त्या शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक आकारणी नाही, असे ठरले. २०२४ च्या जुलैत मात्र जोडणी-शुल्काची कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली; आता कंपनीने दर ठरवून जाहीर करावयाचा असतो. तेव्हा देयकातील ही ओळ वाचलीच पाहिजे. दुकानातल्या खरेदीच्या बिलावर पै-पैचा ताळा करणारे आपण, घरच्या केबलचे पैसे केबलवाल्याच्या मुलाच्या हाती पावतीशिवाय देतो. वाहिन्यांच्या संचात घरात कोणीच पाहत नाही अशा वाहिन्या किती, हे एका सायंकाळी सर्वांनी मिळून मोजावे. आकडा पाहून हसू येईल.

कंपनी बदलली की पेटीही बदलावी लागते, हे या व्यवस्थेतील सर्वांत खटकणारे कलम आहे. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा २०११ पासून देशभर आहे. सेट-टॉप बॉक्सही कोणत्याही कंपनीला चालावा, अशी शिफारस ट्रायने २०२० साली केली. तरीही घरोघरच्या माळ्यांवर मुक्या पेट्या पडून आहेत.

माळ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच माळ्यावरील दुसऱ्या खोक्याकडे वळू. १९८५ नंतरच्या वीस वर्षांत ज्या घरात लग्न झाले, त्या घरात एक तरी व्हिडिओ कॅसेट आहे. तिला कुलूप नाही, ती पूर्णपणे आपली आहे, आणि ती हळूहळू नाहीशी होत आहे. कॅसेटमधील फितीवरची चुंबकीय नोंद वीस-पंचवीस वर्षांनी फिकी पडू लागते. आपल्याकडील पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. आणि कॅसेट धडधाकट असली तरी ती चालविणारे यंत्र आता कोणी बनवीत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआरचे उत्पादन थांबविले, ती शेवटची कंपनी होती. म्हणून हे काम पुढच्या दिवाळीच्या साफसफाईवर ढकलू नये.

प्रथम कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या कडा पाहाव्यात. पांढरट ठिपके अथवा धाग्यांसारखी जाळी दिसली, तर ती घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशी कॅसेट साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. निर्दोष दिसणाऱ्या कॅसेटच्या पाठीवरचा लहान प्लॅस्टिकचा तुकडा आधी तोडून टाकावा, म्हणजे चुकीचे बटण दाबले गेले तरी तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. वर्षानुवर्षे बंद असलेला व्हीसीआर एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर आधी चालवून पाहावा. आतील पट्टे सैल झाले असतील तर तो फीत ओढून चुरगाळतो. मग लग्नाची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. व्हीसीआरच्या मागील पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन तारा लहानशा कॅप्चर यंत्राला आणि ते यंत्र संगणकाला जोडले की काम सुरू. पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या.

यात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरविण्यास तीन तासच लागतात. सेकंदाला चार मेगाबिट धरले तर एका कॅसेटची साडेपाच जीबीच्या आसपास फाइल होते, म्हणजे आजच्या मानाने जागा काहीच नाही. परदेशस्थ नातेवाइकांनी पाठविलेल्या कॅसेट चालत नाहीत म्हणून फेकू नयेत. अमेरिका व कॅनडातील चित्रण एनटीएससी पद्धतीचे असते आणि आपले पाल पद्धतीचे. दोन्ही पद्धती चालविणारा व्हीसीआर मिळाला की त्या उघडतात. काम बाहेर द्यावयाचे असेल तर आधी एकच कॅसेट द्यावी, परत आलेली फाइल आरंभ, मध्य आणि शेवट अशा तिन्ही ठिकाणी पाहावी, आणि मगच बाकीच्या द्याव्यात. मूळ कॅसेट परत घ्याव्यातच. फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कराव्यात; एक घरी, दुसरी विवाहित कन्येच्या घरी अथवा बँकेच्या लॉकरमध्ये. तेथे निदान एक किल्ली आपली असते.

आणि ते तीन तास संगणक एकटा चालू ठेवून उठून जाऊ नये. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला शेजारी खुर्ची द्यावी आणि हातात वही घ्यावी. पंगतीत वाढणारे ते उंच गृहस्थ कोण, वधूच्या मागे उभी असलेली, चांदीचा कंबरपट्टा घातलेली बाई कोणाची कोण, हे सांगू शकणारी माणसे आता प्रत्येक घरात एक-दोनच उरली आहेत. पडद्यावरील वेळ पाहून वहीत लिहून घ्यावे: १ तास १२ मिनिटे, बार्शीचे मामा. १ तास ४० मिनिटे, धाकट्या आत्याबाई, वय सात.